लहान विमानाचा वैमानिक आणि रात्रपाळीचा डॉक्टर

आपल्या बेळगावकरांना लहान विमानांची ओळख नवी नाही. सांबऱ्याच्या धावपट्टीवर उतरणाऱ्या पंख्यांच्या आणि पन्नास-सत्तर आसनांच्या विमानांतून आपल्यापैकी अनेकांनी प्रवास केला आहे. विमान वेळेवर सुटले की आपण समाधान पावतो, रद्द झाले की चडफडतो. परंतु पुढच्या बंद दाराआड बसलेली दोन माणसे कोण, त्यांना वेतन काय मिळते, आदल्या रात्री ती कोठे झोपली होती, याचा विचार मी तरी कधी केला नव्हता. तो करण्याचा प्रसंग २०११ साली अमेरिकेत आला. पुढे वाचन वाढले तसे लक्षात आले की, हा विषय दिसतो तितका आपल्या व्यवसायापासून दूर नाही. म्हणून स्मरणिकेच्या संपादकांनी ‘या वर्षी आजारांविषयी नको, काही वेगळे लिहा’ असे सुचविताच हाच विषय निवडला.

शेजारचा प्रवासी

माझी धाकटी बहीण न्यूयॉर्क राज्यातील रॉचेस्टर येथे राहते. तिच्याकडे जाताना नेवार्क विमानतळावर आम्ही उभयतांनी विमान बदलले. मुंबईहून आलेले विमान अवाढव्य होते. पुढचे मात्र पन्नास आसनांचे. एका बाजूस एक आणि दुसऱ्या बाजूस दोन अशी त्याची आसनरचना होती. सौभाग्यवती पलीकडच्या एकट्या आसनावर बसल्या आणि माझ्या शेजारी गणवेशातील एक वैमानिक येऊन बसला. तो विमान चालविणार नव्हता. चार दिवसांची कामगिरी संपवून घरी निघाला होता. वय चौतीस, सहवैमानिक म्हणून आठवे वर्ष.

मी बालरोगतज्ज्ञ असल्याचे कळताच त्याने विमानाविषयी बोलणे थांबवून मुलाविषयी विचारले. मुलगा दोन वर्षांचा. बाप घरी परतला की पहिला दिवसभर तो आईच्या मागे लपतो, दुसऱ्या दिवशी जवळ येतो आणि तिसऱ्या दिवशी बाप पुन्हा निघतो. हा काही विकार आहे का, असा त्याचा प्रश्न होता. या वयात असे होणे स्वाभाविक आहे, मुलात कोणताही दोष नाही, असे मी सांगितले. तो थोडा वेळ गप्प राहिला आणि म्हणाला की, दोष माझ्या वेळापत्रकात आहे हे मला ठाऊकच होते.

मग त्याने आपली कहाणी सांगितली. नेवार्कजवळ घर भाड्याने घेणे परवडत नाही म्हणून कुटुंब सासऱ्यांकडे रॉचेस्टरला. कामाच्या आदल्या दिवशी रिकामे आसन मिळेल त्या विमानाने नेवार्क गाठायचे. तेथे दहा-बारा वैमानिकांनी मिळून घेतलेली एक खोली होती. तीत एकावर एक खाटा, आणि जी रिकामी असेल तिच्यावर अंग टाकायचे. प्रशिक्षणासाठी काढलेले कर्ज अजून फिटलेले नव्हते. पन्नास मिनिटांच्या त्या प्रवासात मला माझ्या निवासी डॉक्टरकीच्या दिवसांची आठवण होत राहिली.

एकाच नावाखाली दोन कंपन्या

आमच्या तिकिटावर आणि विमानाच्या शेपटीवर एका नामांकित कंपनीचे नाव होते. विमान मात्र वेगळ्याच कंपनीचे होते आणि वैमानिकही तिचेच. तिचे नाव दाराजवळ बारीक अक्षरांत लिहिलेले होते.

अमेरिकेत १९७८ साली विमानवाहतुकीवरील सरकारी नियंत्रण उठले. मोठ्या कंपन्यांनी काही निवडक विमानतळांना केंद्र केले आणि आसपासच्या छोट्या शहरांतील प्रवासी तेथे आणून पुढे पाठवू लागल्या. हे आणण्या-नेण्याचे काम त्यांनी प्रादेशिक कंपन्यांकडे सोपविले. १९९०च्या दशकात पन्नास आसनांची जेट विमाने आली आणि हा व्यवसाय झपाट्याने फोफावला. मी प्रवास केला त्या सुमारास तेथील देशांतर्गत उड्डाणांपैकी निम्म्याच्या आसपास उड्डाणे प्रादेशिक कंपन्या करीत होत्या.

करार साधारणपणे असा असतो : तिकीट मोठी कंपनी विकते, भाडे ती ठरवते, इंधनाचा खर्चही बहुधा तीच सोसते. प्रादेशिक कंपनीला दर उड्डाणामागे ठरावीक रक्कम मिळते. भाडे आपल्या हाती नाही, इंधन नाही, विमानाची किंमतही फारशी नाही. तेव्हा नफा वाढवायचा तर उरतो तो मुख्यतः पगार. कराराची मुदत संपली की कमी दराची निविदा भरणाऱ्या दुसऱ्या कंपनीकडे काम जाऊ शकते. जुन्या कंपनीत अनुभवी, म्हणजेच अधिक पगाराचे वैमानिक जास्त. नव्या कंपनीत सारे नवखे. त्यामुळे कंपनीच्या वैमानिकांचा अनुभव वाढणे हेच तिचे काम जाण्याचे कारण ठरू शकते. कोणत्याही व्यवसायात ही उलटी व्यवस्थाच म्हणावी लागेल.

यात मोठ्या कंपन्यांतील ज्येष्ठ वैमानिकांचाही वाटा आहे. प्रादेशिक कंपन्यांना किती आसनांपर्यंतची आणि किती विमाने देता येतील, याची मर्यादा त्यांच्या संघटनांनी आपापल्या करारांत घालून घेतली. त्यामुळे मोठी विमाने त्यांच्याकडे राहिली. मर्यादेखालच्या विमानांवर काम करणाऱ्यांचे काय, हा प्रश्न मात्र त्या करारांच्या बाहेर राहिला.

तासाचा हिशेब

वैमानिकाचा पगार तासावर असतो. पण हा तास घड्याळातला नव्हे. विमान जागेवरून हलल्यापासून मुक्कामी जाऊन थांबेपर्यंतचा वेळ तेवढा मोजला जातो. हवामानाचा अभ्यास, विमानाची तपासणी, दोन उड्डाणांमधील प्रतीक्षा या वेळेचा पगार बहुतेक करारांत नसे. बारा तास गणवेशात काढून सहा तासांचा मोबदला घेणे ही नित्याची गोष्ट होती.

त्या काळी नव्या सहवैमानिकाला तासाला वीस ते पंचवीस डॉलर मिळत. महिन्याला पंचाहत्तर तासांची हमी असे. बावीस डॉलर धरले तरी वर्षाचे होतात १९,८०० डॉलर, आणि त्यातून कर, विमा व प्रशिक्षणाच्या कर्जाचा हप्ता जायचा. वैमानिक म्हणजे गडगंज पगार ही आपल्या मनातील प्रतिमा मोठ्या विमानाच्या कॅप्टनची आहे. लहान विमानातील उजव्या आसनावरच्या माणसाला ती लागू नव्हती.

ज्येष्ठतेची साखळी

मग एवढ्या कमी पगारावर माणूस टिकून का राहतो? उत्तर आपल्याला परिचित आहे : पुढे चांगले दिवस येतील या आशेवर. प्रादेशिक कंपनीत काही वर्षे काढायची, कॅप्टन व्हायचे, मग मोठ्या कंपनीत जायचे, हा ठरलेला मार्ग. परंतु २००१च्या दहशतवादी हल्ल्यांनंतर मोठ्या कंपन्यांनी हजारो वैमानिकांना घरी बसविले. २००७च्या डिसेंबरात निवृत्तीचे वय साठवरून पासष्ट झाले आणि वरच्या जागा पाच वर्षे रिकाम्या व्हायच्या थांबल्या. २००८ मध्ये मंदी आली. दोन-तीन वर्षांचा समजला जाणारा टप्पा आठ-दहा वर्षांचा झाला.

कंपनी बदलावी तर तेथे ज्येष्ठताक्रम आडवा येतो. वैमानिकाचा पगार, त्याला मिळणारे विमान, सुट्टी, राहण्याचा तळ हे सारे त्याच्या क्रमांकावर अवलंबून असते आणि तो क्रमांक त्या एका कंपनीपुरताच असतो. दहा वर्षांचा अनुभवी कॅप्टन दुसऱ्या कंपनीत गेला तर तेथे यादीच्या तळाशी, पहिल्या वर्षाच्या पगारावर सुरुवात करतो. वरिष्ठ भूलतज्ज्ञाने रुग्णालय बदलताच त्याला पुन्हा पहिल्या वर्षाचा निवासी डॉक्टर करावे, तसाच हा प्रकार. या क्रमामुळे वशिलेबाजीला आळा बसतो हे खरे; पण त्याच क्रमाने माणूस जखडलाही जातो, आणि जखडलेल्या माणसाचा पगार वाढविण्याची मालकाला घाई नसते.

संप आणि त्यानंतर

वैमानिकांनी संप का केला नाही, असे वाटेल. तेथील विमानसेवा रेल्वेसाठी १९२६ साली केलेल्या कामगार कायद्याखाली येते. मुदत संपली तरी जुना करार चालूच राहतो. सरकारी मध्यस्थी चालते, मध्यस्थांनी सोडून दिल्यावर आणखी तीस दिवस थांबावे लागते आणि मगच संपाची वाट मोकळी होते. त्यामुळे वाटाघाटी वर्षानुवर्षे रेंगाळतात.

तरीही एक मोठा संप झाला. सिनसिनाटी येथे मुख्य तळ असलेल्या ‘कॉमएअर’ या डेल्टाच्या मालकीच्या प्रादेशिक कंपनीतील सुमारे साडेतेराशे वैमानिक २६ मार्च २००१ रोजी संपावर गेले. वेतन, निवृत्तिवेतन आणि विश्रांती या त्यांच्या मुख्य मागण्या होत्या. संप ८९ दिवस चालला आणि वैमानिकांना बरीच पगारवाढ मिळाली. पण पुढे काय झाले? २००५ मध्ये डेल्टाबरोबर कॉमएअरही दिवाळखोरीत गेली. तिची विमाने व मार्ग कमी होत गेले आणि सप्टेंबर २०१२ मध्ये कंपनी बंद झाली. संप हे एकमेव कारण नव्हते. जुनी पन्नास आसनी विमाने आणि इंधनाचे भावही होते. परंतु इतर कंपन्यांतील वैमानिकांनी त्यातून घ्यायचा तो धडा घेतला : जास्त मागाल तर काम दुसऱ्याकडे जाईल.

बफेलोचा अपघात

माझा सहप्रवासी ज्या गोष्टीचा उल्लेख करताना खिडकीबाहेर पाहू लागला, ती रॉचेस्टरपासून फार लांब घडलेली नव्हती. १२ फेब्रुवारी २००९ च्या रात्री नेवार्कहून बफेलोला निघालेले कोलगन एअर कंपनीचे ३४०७ क्रमांकाचे विमान उतरण्याच्या बेतात असताना एका घरावर कोसळले. विमानातील सर्व ४९ आणि घरातील एक असे ५० जण मृत्यू पावले. तिकिटावर नाव कॉन्टिनेन्टल या मोठ्या कंपनीचे होते.

तपासात तांत्रिक कारण स्पष्ट झाले. विमानाचा वेग नको इतका कमी झाला, तो दोघांच्याही ध्यानात आला नाही. धोक्याची सूचना म्हणून नियंत्रणदांडा थरथरू लागताच नाक खाली करून वेग वाढवायचा, त्याऐवजी कॅप्टनने दांडा मागे ओढला आणि पंखांना उचलून धरणारा हवेचा आधार नाहीसा झाला. चूक कॅप्टनची, असा निष्कर्ष निघाला. कंपनीच्या कार्यपद्धतीतील त्रुटींचीही नोंद झाली.

पण तपासाने आणखी काही उजेडात आणले. सहवैमानिक तरुणी सिएटलजवळ आईवडिलांकडे राहत होती. आदल्या रात्री मालवाहू विमानांतून मजल दरमजल करीत ती देशाच्या दुसऱ्या टोकाला नेवार्क येथे सकाळी पोहोचली आणि तेथील कर्मचाऱ्यांच्या कक्षात तिने जमेल तशी विश्रांती घेतली. तिला सर्दीही झालेली होती. कॅप्टनचे घर फ्लोरिडात; त्यानेही रात्र त्याच कक्षात काढल्याचे दिसून आले. तिच्या पगाराचा सोळा हजार डॉलरांच्या आसपासचा आकडा सुनावणीत पुढे आला. कंपनीने नंतर तो अधिक असल्याचे सांगितले, तरी ऐकणाऱ्यांना बसायचा तो धक्का बसलाच. थकव्यामुळे दोघांच्या कामावर परिणाम झाला असावा, पण नेमका किती हे ठरविता येत नाही, असे तपासमंडळाने म्हटले. मंडळाच्या अध्यक्षांनी मात्र थकव्याची गणना अपघाताच्या कारणांतच व्हावी, असे वेगळे मत नोंदविले.

आपल्याला हा वाद समजतो. रुग्णाच्या कागदपत्रांत ‘चुकीची मात्रा’ असे लिहिता येते. ती देणाऱ्याला किती तास झोप नव्हती, हे त्या कागदावर कोठेच येत नाही.

त्याच फेब्रुवारीत अमेरिकन संसदेच्या समितीपुढे कॅप्टन सलनबर्गर यांची साक्ष झाली. जानेवारीत हडसन नदीवर विमान उतरवून १५५ जणांचे प्राण वाचविणारे हेच ते वैमानिक. ते मोठ्या कंपनीत होते, तरी पगार चाळीस टक्क्यांनी कमी झाल्याचे व निवृत्तिवेतन बुडाल्याचे त्यांनी सांगितले. आपल्या मुलांनी वैमानिक व्हावे असे वाटणारा एकही व्यावसायिक वैमानिक आपल्याला ठाऊक नाही, असेही ते म्हणाले. आपल्या स्नेहसंमेलनांत मुलांच्या करिअरची चर्चा निघाली की असे उद्गार आपणही ऐकतो.

कायदा आणि टंचाई

बफेलोच्या अपघातातील मृतांच्या नातेवाइकांनी चिकाटीने पाठपुरावा केला आणि ऑगस्ट २०१० मध्ये नवा कायदा झाला. त्यातून दोन मुख्य बदल आले. पूर्वी सहवैमानिकाला किमान २५० तासांच्या उड्डाणानुभवावर घेता येत असे. २०१३ पासून साधारणपणे १,५०० तास लागू लागले. विश्रांतीचे नियमही बदलले. पूर्वी दोन कामांमधील विश्रांती आठ तासांपर्यंत खाली आणता येई आणि त्यातच हॉटेलपर्यंत जाणे-येणे उरकावे लागे. जानेवारी २०१४ पासून किमान दहा तास आणि त्यात सलग आठ तास झोपेची संधी बंधनकारक झाली.

येथे एक गोष्ट सांगितली पाहिजे. कोलगनच्या त्या दोघाही वैमानिकांचा अनुभव १,५०० तासांहून अधिक होता. म्हणजे तासांचा नियम आधी असता तरी ते दोघे त्या विमानात असतेच. पगाराविषयी कायद्याने काही ठरविले नाही. पण १,५०० तास जमविण्यास वेळ व पैसा अधिक लागू लागला आणि वीस हजार डॉलरांसाठी एवढे करणारे तरुण कमी झाले. २०१६ मध्ये रिपब्लिक या मोठ्या प्रादेशिक कंपनीने दिवाळखोरी जाहीर करताना वैमानिकांच्या टंचाईचे कारण दिले. २०२० च्या महामारीत मोठ्या कंपन्यांनी ज्येष्ठांना मुदतीपूर्वी निवृत्त केले आणि प्रवासी परतताच प्रादेशिक कंपन्यांतील वैमानिक ओढून घेतले. २०२२ मध्ये लहान शहरांची विमाने बंद पडू लागली. अमेरिकन एअरलाइन्सने टोलीडो, इथाका, आयस्लिप व ड्यूब्यूक ही शहरे सोडली. त्याच वर्षी तिच्या मालकीच्या प्रादेशिक कंपन्यांनी नव्या सहवैमानिकाचा दर तासाला नव्वद डॉलरांच्या आसपास नेला.

वर्षानुवर्षे ‘परवडत नाही’ असे सांगितले जाणारे वेतन एका वर्षात परवडू लागले. २०२४ मध्ये मोठ्या कंपन्यांची भरती मंदावली आणि वरची वाट पुन्हा अरुंद झाली. त्यामुळे प्रश्न कायमचा सुटला असे कोणी म्हणू नये.

आपल्याकडेही हा विषय आला आहे. विमानवाहतूक महासंचालनालयाने वैमानिकांची साप्ताहिक विश्रांती ३६ तासांवरून ४८ तासांवर नेली आणि रात्रीच्या कामावर बंधने घातली. हे नियम २०२५ मध्ये टप्प्याटप्प्याने लागू झाले. डिसेंबर २०२५ मध्ये देशातील सर्वांत मोठ्या कंपनीची हजारो उड्डाणे रद्द झाली, तेव्हा विश्रांती द्यायची तर माणसे अधिक हवीत हे साधे गणित सर्वांना दिसले. विमानतळांवर अडकलेल्या प्रवाशांचा राग समजण्यासारखा होता. पण ती उड्डाणे त्याआधी कोणाच्या झोपेवर चालली होती, हेही विचारायला हवे.

आपल्या घरातील गोष्ट

हे सारे लिहिण्याचा अधिकार मला आहे का, असे मी स्वतःला विचारले. १९९०च्या दशकात मी निवासी डॉक्टर होतो. निवासी डॉक्टरांनी सामान्यतः सलग बारा तासांहून अधिक काम करू नये, असे केंद्र सरकारचे १९९२ चे निर्देश कागदावर होते. एकदा तिसाव्या-एकतिसाव्या तासाला हृदयविकार असलेल्या तान्ह्या बाळासाठी मी डिगॉक्सिनची मात्रा लिहिली. दशांशचिन्ह एक घर चुकले. मात्रा दसपट झाली. वॉर्डातील ज्येष्ठ सिस्टरांनी कागद माझ्यापुढे धरला आणि हळूच म्हटले, “डॉक्टर, हा आकडा पुन्हा एकदा बघता का?” त्या बाळाला काही झाले नाही. मी मात्र आजही मात्रा लिहिताना आकडा दोनदा वाचतो.

आज माझे लहानसे बालरुग्णालय आहे. तेथे रात्रपाळीला एक तरुण डॉक्टर असत. एका पहाटे ते खुर्चीतच गाढ झोपलेले दिसले. मला राग आला. बोलणारच होतो, इतक्यात त्या सहप्रवाशाची आठवण झाली आणि शब्द बदलले. विचारले, “काल कुठे झोपलात?” ते ओशाळून म्हणाले, “सर, बसमध्ये.” दिवसा निपाणीच्या एका रुग्णालयात काम आणि रात्री माझ्याकडे. एका नोकरीत घर चालत नव्हते. त्यांचा रात्रीचा मेहनताना मीच ठरविला होता आणि ठरविताना ‘सगळीकडे हाच दर आहे’ असे म्हटले होते. विमान कंपन्याही याहून वेगळे काही म्हणत नव्हत्या.

त्या महिन्यात आम्ही काही बदल केले. रात्रीचा मेहनताना वाढविला आणि रात्रपाळीच्या आधीच्या दिवशी दुसरीकडे काम न करण्याची अट घातली. आणखी एका डॉक्टरांना घेऊन रात्री वाटून दिल्या. आठवड्यातील एक रात्र मी स्वतःकडे ठेवली. खर्च वाढला हे खरे. तो किती, हे माझे हिशेबनीस मला दर महिन्याला न चुकता सांगतात.

आपल्या संस्थेतील अनेक सभासदांची रुग्णालये आहेत. त्यांना माझी विनंती एवढीच : रुग्णालयाच्या पाटीवर नाव आपले असते, पण रात्री दोन वाजता बाळाला तपासणारा हात दुसऱ्याचा असतो. त्या हाताचा मोबदला काय आणि त्याला झोप किती, याची चौकशी आपण अपघात होण्यापूर्वी करावी. आणि समाजातील इतर वाचकहो, पुढच्या वेळी सांबऱ्याला विमानाला उशीर झाला आणि ‘वैमानिकाची कामाची मर्यादा संपली’ अशी घोषणा झाली, तर थोडा त्रास सोसून घ्या. तो थांबला आहे तो तुमच्यासाठीच.